बॅटवूमन : खोटं न बोललेल्या कॅडेटची गोष्ट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी क्लासमधल्या एका मुलीने माझ्या टेबलावर एक जाड पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, हे वाचा. त्यातला वेस्ट पॉइंटचा भाग तर वाचाच." वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकेची लष्करी अकादमी. मुखपृष्ठावर काळ्या पोशाखातली, लाल केसांची, पांढऱ्याफटक चेहऱ्याची बाई. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली. वेताळाचे अंक आम्ही भावंडांनी शिवण सुटेपर्यंत वाचले होते. पण चाळिशी ओलांडल्यावर हातात कॉमिक घेईन, त्यातही बॅटमनच्या गोतावळ्यातलं, असं कधी वाटलं नव्हतं. तिचा मान राखायचा म्हणून पुस्तक घरी नेलं. त्या रात्री दोन वाजता संपवलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःची प्रत मागवली.

पुस्तकाचं नाव 'बॅटवूमन : एलेजी'. लेखक ग्रेग रुका, चित्रकार जे. एच. विल्यम्स तिसरे, रंग डेव्ह स्टुअर्ट यांचे. २००९-१०मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या जुन्या मासिकात बॅटमनला बाजूला ठेवून सलग दहा अंक बॅटवूमनला दिले गेले, ८५४ ते ८६३. त्यातले पहिले सात या पुस्तकात आहेत.

मी नाशिक रोडला एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या, गणिताचा क्लास घेते. एकशेवीस प्रश्न, तीनशे गुण, अडीच तास. वडील तोफखान्यात होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं घर देवळाली कॅम्पात. रेंजवर फायरिंग असलं की आजही खिडकीची तावदानं थरथरतात. पाहुणे दचकतात, आम्हाला पत्ताही नसतो. मी बारावीला होते तेव्हा एनडीएच्या जाहिरातीत अविवाहित पुरुष उमेदवार असं स्पष्ट छापलेलं असायचं. तरी मी तेव्हाच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेले होते. तिथल्या सरांनी माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, "तुझा फॉर्म भरायचाय ना?" पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लष्करी नोकरीचा, रस्ता होता, एकदा एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, जाऊनही आले. पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. तसाही मला तोफखाना हवा होता आणि तो तेव्हा बायकांना बंदच होता. हे सगळं मी पुस्तकाच्या परीक्षणात लिहितेय, कारण या पुस्तकातल्या वेस्ट पॉइंटच्या भागाने मला थेट तिथे नेऊन उभं केलं.

बॅटवूमन म्हणजे केट केन, अमेरिकी लष्करातल्या कर्नलची मुलगी. आई गॅबीसुद्धा लष्करातच. बेथ नावाची जुळी बहीण. बापाची बदली होईल तशी या दोघींची शाळा बदलते. कॅम्पातल्या कुठल्याही मुलीला हे सांगावं लागत नाही. ब्रसेल्सला असताना मुलींच्या बाराव्या वाढदिवशी आई दोघींना घेऊन बाहेर पडते आणि दहशतवादी तिघींना उचलून नेतात. सुटकेच्या कारवाईत स्वतः बाप असतो. केटला बाहेर काढताना तो तिला बघू नकोस म्हणून सांगतो. ती बघते. ते पान मी दोनदा उलटून गेले आणि दोनदा परत आले. त्यात रक्ताचा सडा नाही. चादर आहे आणि चादरीखालचा आकार आहे. बारा वर्षांच्या मुलीचे डोळे त्या जागी जे बघतात तेवढंच चित्रकाराने दाखवलंय.

पुढे केट वेस्ट पॉइंटला जाते. अभ्यासात वर, बॉक्सिंगमध्ये वर. मग एक दिवस अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचा हुकूम येतो. तिचं एका मुलीवर प्रेम आहे अशी खबर वरपर्यंत गेलेली असते. अमेरिकेत १९९३पासून कायदा होता की लष्कराने विचारायचं नाही आणि सैनिकाने सांगायचं नाही, पण समलिंगी असल्याचं उघड झालं की बाहेर. समोरचा अधिकारी दुष्ट नाही, हे मला फार आवडलं. त्याला ही कॅडेट गमवायची नाहीये. तो तिला वाट काढून देतो. एवढंच म्हण की ही अफवा आहे, मी विषय तिथेच संपवतो. केट ताठ उभी आहे. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांची एक आचारसंहिता आहे : कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि तसं करणाऱ्याला खपवून घेणार नाही. केटला खोटं बोलायचं नाही. एका वाक्यात करिअर संपतं.

मग ती घरी येते आणि बापाला सांगते. मला वाटलं आता आरडाओरडा होणार, निदान तोंड फिरवून बाप खिडकीबाहेर बघणार. तो तिला जवळ घेतो. तू आपला मान आणि खरेपणा राखलास, मला तुझा अभिमान वाटतो, अशा अर्थाचं काही बोलतो. त्यात कुठेही "माझी मुलगी अशी असली तरी" असा सूर नाही. एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाला द्यावी तशी ती पावती आहे. एवढा सरळ बाप मी कॉमिकमध्येच काय, आपल्या कादंबऱ्यांतही मोजकाच पाहिलाय.

केट मात्र यानंतर ढासळते. पार्ट्या, दारू, भरधाव गाडी. अशाच एका रात्री तिची गाडी अडवते ती रेने मोंटोया, पोलीस अधिकारी. दोघींचं जमतं आणि तुटतंही, कारण रेने आपलं नातं लपवते आणि केटला लपवालपवी सोसत नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून जिने वर्दी सोडली तिने घरात खोटं का खपवून घ्यावं? पुढे एका गल्लीत लुटारू तिच्या अंगावर येतो आणि ती त्याला लोळवते. तेवढ्यात बॅटमन पोहोचतो, पण त्याच्या मदतीची गरज उरलेली नसते. तो निघून जातो आणि ती त्याचं वटवाघळाचं चिन्ह बघत राहते. चिन्ह म्हणजे तिच्या लेखी वर्दी. सेवा करायची दुसरी तऱ्हा तिला दिसते. सूडासाठी रात्री बाहेर पडणारे नायक पुष्कळ वाचले. हिला नोकरी करायची होती, देशाची, आणि ती नाकारली गेली म्हणून ही रात्री बाहेर पडते. माझ्यासाठी सगळं पुस्तक या एका फरकावर उभं आहे.

बापाला कळतं तेव्हा तो तिला थांबवत नाही. अट घालतो : करायचं तर प्रशिक्षण घेऊन कर. आपल्या ओळखीच्या जुन्या सैनिकांकडे तिला जवळजवळ दोन वर्षं धाडतो. ती परतल्यावर पोशाख पुढे ठेवतो. पुढे रोज रात्री ती रस्त्यावर आणि तो कानातल्या यंत्रावर, कंट्रोल रूममध्ये. लेकीच्या पाठीशी बाप उभा राहतो म्हणजे प्रत्यक्षात काय करतो, हे इथे दिसतं. जागरण, हत्यारांची देखभाल, जखमांवर टाके आणि मधूनमधून कटकट.

आता चित्रांविषयी, आणि इथे मी सावकाश लिहिणार आहे. विल्यम्स दिवसाची केट एका हाताने काढतात आणि रात्रीची दुसऱ्या. दिवसा तिच्या घरातली, बापाबरोबरची पानं स्वच्छ रेषेची, सपाट रंगांची, सरळ चौकटींची. रात्र झाली की शाईच्या छटा, सावल्या, रंगवलेलं अंग, आणि चौकटी मोडून पडतात. दोन पानं मिळून एक चित्र होतं, वटवाघळाच्या पंखांसारख्या टोकदार चौकटी त्यावर पसरतात. मारामारीत नजर डावीकडून उजवीकडे जात नाही, जिकडे ठोसा जातो तिकडे जाते. लहानपणीचा आणि वेस्ट पॉइंटचा भाग पुन्हा तिसऱ्याच पद्धतीने, जुन्या कॉमिकसारखा साधा. हे सगळं एकाच माणसाने काढलंय हे मला पहिल्या वाचनात कळलंच नव्हतं, पुस्तक देणाऱ्या मुलीने सांगितलं.

केटचा रंग मुद्दाम पांढरा ठेवलाय, काळ्या पोशाखावर आणि लाल रंगावर तो चेहरा चुन्यासारखा उठून दिसतो. लांब लाल केस हा टोप आहे, खाली तिचे स्वतःचे केस आखूड, फौजी कापाचे. पायात उंच टाचा नाहीत. एवढी एक गोष्ट सांगितली तरी क्लासमधल्या मुलींना पुस्तक हातात घ्यावंसं वाटलं. बाई लढणारी असली की चित्रकार तिला टाचांवर उभी करतात आणि अंगावर कापड कमी देतात, हे त्यांनाही पाठ झालंय. ही बाई उडी मारते तेव्हा तिच्या गुडघ्यावर भार पडलेला दिसतो. मारामारीनंतर ती आरशापुढे उभी राहते तेव्हा बरगड्यांवर निळे डाग असतात.

एका प्रसंगात बड्या लोकांच्या निधी जमवण्याच्या समारंभात बाप पूर्ण गणवेशात येतो आणि केट काळ्या टक्सिडोत. तिथे ती मॅगी सॉयर या पोलीस कॅप्टनबरोबर नाचते. तसं बघितलं तर त्या पानावर काही घडत नाही. पण त्या दोघींच्या चेहऱ्यांवरचा निवांतपणा बघण्यासारखा आहे, कारण त्याआधी केटची मैत्रीण तिला सोडून गेलेली असते, रात्र रात्र कुठे असतेस म्हणून. खरं सांगता येत नाही याचा त्रास तिला कसा होत असेल, हे आपल्याला पुढे वेस्ट पॉइंटचा भाग आल्यावर कळतं. रुकांनी भूतकाळ आधी सांगितला नाही, तो पुस्तकाच्या उत्तरार्धात ठेवला. ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे.

खलनायिका ॲलिस. पांढरी झालर, पांढरा चेहरा, आणि बोलणं जवळपास सगळं लुईस कॅरलच्या पुस्तकांतून उचललेलं. सुरुवातीला मला तिचा कंटाळा आला. ज्याने लहानपणी ती पुस्तकं वाचलेली नाहीत त्याला अर्धे संदर्भ लागत नाहीत, आणि आपल्याकडे मराठी शाळेतल्या कितीजणांनी वाचलेली असतात? गुन्हेगारीलाच धर्म मानणारा एक पंथ तिच्यामागे आहे, त्यांचा स्वतःचा ग्रंथ आहे, केटचं आडनाव केन आणि बायबलमधला भावाचा खून करणारा केन या नावांची सांगड आहे. हा भाग पुस्तकातला सर्वांत अशक्त. त्याआधीच्या दुसऱ्या मालिकांमधलं काहीबाही माहीत असल्याशिवाय पहिली तीस पानं चाचपडत जावी लागतात. नव्या वाचकाने धीर धरावा. विमानातल्या प्रसंगापर्यंत गेलात की ॲलिस असं का बोलत होती ते कळतं, आणि मग मागे जाऊन तिची सगळी वाक्यं पुन्हा वाचावी लागतात. तिथे काय होतं ते मी लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि अजून खटकते. केटची सगळी सामग्री लष्करातून आडमार्गाने येते. आमच्या घरात सरकारी पेन्सिल आलेली चालायची नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, रजेवर यायचे तेव्हा युनिटचा साधा दोरही ट्रंकेत नसायचा. ज्या मुलीने एक खोटा शब्द बोलायला नको म्हणून वर्दी सोडली, ती आणि तिचा कर्नल बाप इतक्या सहजपणे सरकारी माल वापरतात, यावर दोघांमध्ये एक तरी कडक भांडण व्हायला हवं होतं. कायदा हातात घ्यावा का, हा प्रश्न कथेत सतत डोकावतो, पण लेखक त्याला नीट बसवून विचारत नाहीत. एवढ्या प्रामाणिक पुस्तकात ही पळवाट बरी दिसत नाही.

एका मागच्या गोष्टीचा उल्लेख करते, कारण त्याने या पुस्तकाची किंमत कळते. बॅटवूमन मुळात १९५६ची. तेव्हाची कॅथी केन पर्समध्ये पावडर, लिपस्टिक अशी हत्यारं घेऊन फिरायची आणि कथेत तिचं मुख्य काम म्हणजे बॅटमनला आवडणं. २००६ साली तिला नव्याने, केट म्हणून आणलं गेलं. पन्नास वर्षांत एका पात्राचा एवढा प्रवास.

'एलेजी' संपल्यावर पुढे काय वाचायचं? २०११पासून बॅटवूमनची स्वतंत्र मालिका निघाली, लेखन विल्यम्स आणि डब्ल्यू. हेडन ब्लॅकमन. पहिलं पुस्तक 'हायड्रॉलॉजी', मुलांना पाण्यात ओढून नेणाऱ्या रडणाऱ्या बाईचं. चित्रं डोळे दिपवणारी, पाण्याची पानं तर बघत राहावीत. पण बाप आणि लेक इथे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि कथेची ऊब त्याबरोबर गेलीय. चित्रकार बदलत राहिल्याने 'टू ड्राऊन द वर्ल्ड' विस्कळीत झालंय. नंतर 'वर्ल्ड्स फायनेस्ट'मध्ये वंडर वूमन येते आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

पण २०१३मध्ये दोघा लेखकांनी मालिका सोडली. कारण त्यांनी जाहीरपणे सांगितलं : ठरलेल्या गोष्टी प्रकाशनाकडून ऐनवेळी बदलल्या जात होत्या, आणि केट व मॅगीचं लग्न तर कधीच दाखवायचं नाही असं बजावलं होतं. गोष्ट चोविसाव्या अंकाला ऐन रंगात आली असताना तुटली, पंचविसाव्यापासून नवे लेखक. चाळीस अंकांनंतर २०१५मध्ये मालिका बंद. मी हे वाचून दोन दिवस खरोखर अस्वस्थ होते. लष्करातून जिला बाहेर काढलं, तिला तिच्याच कॉमिकमध्ये लग्न करू दिलं नाही. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : 'एलेजी' घ्याच, ते स्वतःत पूर्ण आहे. पुढचं घ्यायचं तर 'वर्ल्ड्स फायनेस्ट'पर्यंत घ्या आणि थांबा.

विकत घेताना काही गोष्टी बघा. फोनवर हे पुस्तक वाचू नका. मी आधी मुलाच्या फोनवर बघून पाहिलं, एकेक चौकट वेगळी सरकते आणि दोन पानांचं चित्र तुकड्यातुकड्यांत दिसतं, सगळा खेळच जातो. कागदी प्रतच घ्या आणि जमलं तर पुठ्ठा बांधणीची. साध्या बांधणीत पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि दोन पानांच्या मधला भाग शिवणीत गिळला जातो, नेमका तिथेच कधी कधी चेहरा असतो. माझी प्रत कुरिअरने आली ती कोपरा दुमडून. दुकानदाराने बदलून द्यायला महिना लावला, तेव्हा पाकीट उघडताना फोटो काढून ठेवा. इंग्रजी सोपं आहे, अकरावी-बारावीची मुलं सहज वाचतील. त्याहून लहानांना देऊ नका, हिंसा आहे आणि अपहरणाचा भाग मोठ्यांनाही जड जातो.

क्लासमध्ये मी हे पुस्तक आता फळ्याशेजारच्या कपाटात ठेवते. ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या म्हणून आदेश दिला, त्याच आठवड्यात माझ्याकडे पहिल्या दोन मुली आल्या. २०२२मध्ये खडकवासल्याला एनडीएत एकोणीस मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, २०२५च्या मे महिन्यात त्यातल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. एप्रिल २०२३मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात आल्या, ती बातमी मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवली होती. नाशिकमध्ये आता मुलींसाठी सरकारी पूर्वतयारी संस्थाही आहे. कपाटातलं पुस्तक सध्या चौथ्या मुलीकडे आहे. पहिल्या पानावर प्रत्येकीने पेन्सिलीने तारीख टाकलीय, मी सांगितलं नव्हतं.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. इंग्रजी त्यांना वाचता येतं तेवढं हुकमापुरतं. एका दुपारी ते पुस्तक चाळत बसले होते आणि वेस्ट पॉइंटच्या पानावर थांबले. अधिकारी टेबलामागे, समोर कॅडेट सावधानमध्ये. त्यांनी बोट ठेवलं.

"हिला कशाला पेश केलंय?"

मी सांगितलं. मुलीवर प्रेम होतं तेही सांगितलं. जरा धाकधूक होती. ते बराच वेळ चित्रच बघत होते.

"नाही म्हणाली असती तर सुटली असती?"

"हो."

"आणि नाही म्हणाली नाही."

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. "उभी बघ कशी राहिलीय," म्हणाले. "टाचा बघ." मी बघितल्या. मी ते पान पन्नास वेळा पाहिलं असेल, टाचा जुळलेल्या कधी बघितल्या नव्हत्या.

"मग परत घेतलं का हिला?"

"तो कायदा २०११ला रद्द झाला, अण्णा. पण तोवर हिचं दुसरं काम सुरू झालं होतं."

त्यांनी पान उलटलं. बाप लेकीला जवळ घेतो ते पान. तिथे काही विचारलं नाही. रेंजवर फायरिंग सुरू झालं होतं, तावदान वाजत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढचं वाचून दाखव. सावकाश."